सात फूट दोन इंच

सोमवारी भर दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं, तेव्हा समोरच्या चष्मेवाल्याला वाटलं, नळवाल्यांकडे कोणीतरी गेलं. त्याने चेहरा लांब केला, रस्ता ओलांडला आणि शटरखालून वाकून विचारलं, "काही झालं का?"

"नाही नाही," आप्पा आतून म्हणाले. "घरगुती आहे."

चष्मेवाल्याचा चेहरा आणखी लांब झाला. मयताला गेलेला माणूस तासाभरात परत येतो. नळवाल्यांचं घरगुती सुरू झालं की गल्लीला आठवडा पुरतं.

वडील गेल्यापासून अशा पाच बैठका झाल्या होत्या आणि पाचही वाटणीच्या होत्या. पहिलीत रडणं झालं. दुसरीत वकिलाने जागेचा नकाशा आणला, तिसरीत अक्काने तो फाडला. चौथीत आप्पांनी रक्तदाब वाढवून घेतला. पाचवीत कोणी कोणाशी बोललंच नाही, त्यामुळे तीच सगळ्यांत यशस्वी मानली जाते. आजची सहावी. आजचा विषय वाटणीचा नाही, असं आप्पांनी प्रत्येकाला फोनवर दोन-दोनदा सांगितलं होतं. त्यावरूनच सगळ्यांनी ओळखलं की विषय वाटणीचा आहे.

बसायला दुकानाचा पुढचा भाग निवडला होता, कारण पंखा तिथेच आहे. आप्पा नमुन्याच्या कमोडवर बसले, झाकण लावून. तीस वर्षं नळ, बेसिन आणि कमोड विकणाऱ्या माणसाला त्यात काही वाटत नाही, गिऱ्हाइकालाच वाटतं. वकील शॉवरच्या न उघडलेल्या खोक्यावर बसला. हा मधला भाऊ. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा बसला आणि दोनदा उठला, तेव्हापासून घरात त्याला वकीलच म्हणतात, आणि वाईट हे की तो ओ देतो. अक्का, तिघांची बहीण, एकुलत्या एका खुर्चीवर. टपाल कचेरीत एकतीस वर्षं खिडकीमागे काढलेली बाई. समोर कोणीही आलं तरी 'खिडकी बंद' असा चेहरा आपोआप होतो. धाकटा भाऊ उभा होता. तो अशा वेळी उभाच असतो, म्हणजे निघायला बरं पडतं.

आणि या सगळ्यांच्या मधोमध, दुकानातल्या सर्वांत महागड्या बाथटबच्या काठावर, तीन जाड बांधीव प्रती मांडीवर घेऊन धाकट्याची बायको, घरची धाकटी सून, बसली होती. घरात तिला इंचपट्टी म्हणतात. तोंडावर नाही, पण तोंड फिरवायच्या आत.

"वाच," आप्पांनी वकिलाला फर्मावलं.

वकिलाने नोटीस वाचली. शनिवारी आलेली, सगळ्यांची पाठ झालेली. पालिकेचा रस्ता विभाग गुरुवारी या रस्त्याची मोजणी करणार होता. मूळ हद्दीबाहेर आलेलं बांधकाम काढलं जाणार होतं. जुने नकाशे खराब झालेले असल्याने, आणि इथे वकिलाने आवाज खाली आणला, 'विद्यापीठाच्या नागरी अभ्यास विभागात या रस्त्यावर सादर होत असलेल्या प्रबंधाचा आधार घेतला जाईल.'

"सादर कधी होतोय?" अक्काने विचारलं. तिला माहीत होतं.

"आज," धाकटी म्हणाली. "पाचच्या आत."

"कुऱ्हाडीचा दांडा," अक्का छताकडे बघत म्हणाली.

"गोतास काळ," वकिलाने पूर्ण केलं.

"दांडा मी, मान्य आहे," धाकटी म्हणाली. "पण लाकूड तुम्हीच दिलंत, अक्का. चाळीस मिनिटं. फोनवर रेकॉर्ड आहे."

त्या चाळीस मिनिटांबद्दल सांगायला हवं, कारण अशी चूक दुसऱ्या घरात झाली नसती. धाकटीने तीन वर्षांपूर्वी नागरी अभ्यासात एम.ए.ला नाव घातलं तेव्हा घराला विनोदाचा बारमाही झरा लागला. "शहराचा अभ्यास?" वकील म्हणाला होता. "मासा कधी पाण्याचा अभ्यास करतो का?" अक्का म्हणाली होती, "चाळिशीत लोक गुडघ्यांचा अभ्यास करतात." आप्पा उदार मनाचे, ते म्हणाले, "करू दे. दुपारी झोपण्यापेक्षा बरं." पहिलं वर्ष सासऱ्यांच्या खाटेजवळ गेलं, म्हणून एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. ती आज संपत होती. आज प्रती जमा झाल्या नाहीत तर नोंदणीच रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

प्रबंधाचा विषय होता फूटपाथ. हाच, दारातला. नऊ फुटांचा फूटपाथ दोन पिढ्यांत दुकानांनी कसा गिळला, इंचाइंचाने, याचा. त्यासाठी तिने दुकानदारांच्या मुलाखती घेतल्या. बाकीचे सावध होते. चष्मेवाला म्हणाला, आमचं दुकान असंच जन्माला आलं. पण नळवाल्यांच्या घरात एक नियम आहे, आजोबांपासूनचा: ज्याची वीट, त्याची भिंत. जो वाढवेल, वाढीव भाग त्याचा. वडिलांनी मृत्युपत्र केलं नाही. विचारलं की एवढंच म्हणायचे. त्यामुळे धाकटी फोन समोर ठेवून "हा पुढचा भाग कसा वाढला हो?" असं विचारायला लागली, तेव्हा तिघांनाही वाटलं, बरं झालं, आपला हक्क कुठेतरी छापून येतोय. आप्पांनी सांगितलं, शटर मी पुढे आणलं, सात फूट. वकिलाने सांगितलं, काचेची शोकेस माझी, पाच फूट. अक्काने सांगितलं, पायऱ्या आणि बेसिनचा ओटा मी माझ्या देखत बांधून घेतला, तीन फूट, आणि गवंड्याचं नावही सांगितलं. तिघांचं खरं मानलं तर दुकान पंधरा फूट पुढे यायला हवं होतं; म्हणजे फूटपाथ संपवून, बसथांबा पोटात घेऊन. धाकटीने पट्टीने मोजलं. सात फूट दोन इंच.

तिघांनी मुलाखतीखाली सह्या केल्या. प्रत्येकाने विचारलं, "बाकीच्यांनी किती सांगितलं?"

———

आप्पांना नोटिशीचा राग नव्हता. त्यांना दुसरंच टोचत होतं. शटर पुढे आणलं तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. पालिकेचा संप होता, चार दिवसांचा. पहिल्या दिवशी खांब, दुसऱ्या दिवशी पत्रा, तिसऱ्या दिवशी रंग. चौथ्या दिवशी ते खुर्ची टाकून बाहेर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असे पाहत राहिले, जसं काही ते शटर तिथे आजोबांच्या आधीपासून आहे. आयुष्यात त्यांनी केलेली धाडसं मोजायची तर एक हात पुरतो आणि त्यातही बोटं उरतात. त्यातलं हे अंगठ्याएवढं. ते छापून आलं तेव्हा त्यांनी ते पान एका गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. 'माहिती देणारा क्रमांक एक.' क्रमांक एक! आणि आता तेच खोडायचं.

"मूळ भिंत कुठे होती, हे बाहेर कोणाला माहीत नाही," ते म्हणाले. "पालिकेचा नकाशा उंदरांनी खाल्ला. फक्त आपल्याला माहीत, आणि हिच्या वहीला. वहीतून आपलं घर काढायचं. संपलं."

"तिसरं प्रकरण म्हणजेच आपलं घर आहे, आप्पा," धाकटी म्हणाली. "ते काढलं तर उरतो बसथांबा आणि चष्मेवाला. मी जमा काय करू?"

"चष्मेवाल्याचं वाढव."

"तो तीनच फूट आलाय."

"बघ," आप्पा अक्काला म्हणाले. "जमत नाही एकेकाला."

वकिलाने घसा साफ केला. अख्खा रविवार त्याने मुलाखतीच्या वेळी सही केलेल्या संमतीपत्रात घालवला होता आणि कलम आठ सापडल्यावर त्याला जो आनंद झाला तो कायद्याच्या दोन वर्षांत झाला नव्हता. "एक मिनिट. कलम आठ. माहिती देणारी व्यक्ती प्रबंध सादर होईपर्यंत आपली माहिती मागे घेऊ शकते. एखाद्या जागेबद्दल सर्वांनी माघार घेतल्यास त्या जागेचा तपशील वगळणे विद्यार्थ्यावर बंधनकारक राहील." तो थांबला. टाळ्या पडल्या नाहीत, तरी पुढे गेला. "बंधनकारक. म्हणजे हिला विचारायचीच गरज नाही."

"खरंय का ते?" आप्पांनी धाकटीला विचारलं.

"खरंय." ती खोटं बोलू शकली असती. पण वकिलाला पहिल्यांदाच काहीतरी बरोबर सापडलं होतं आणि तिची बोटं प्रतींच्या कडेवर पांढरी पडली होती. "अर्ज माझ्याकडे आहेत. तिघांनी सह्या केल्यात तर मी प्रती परत वर नेऊन ठेवते."

"मग आण की!"

तिने पिशवीतून तीन कागद काढून बाथटबच्या रुंद काठावर ठेवले. धाकटा भाऊ घड्याळाकडे पाहू लागला. घड्याळात दोन वाजून वीस झाले होते, पण त्याने ते बराच वेळ पाहिलं.

———

अक्काने कागद हातात घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचला. एकतीस वर्षांत तिने हजारो अर्ज परत केले होते. कुठे बोट ठेवायचं ते बोटालाच कळायचं. "'मी दिलेली माहिती मी मागे घेत आहे.' म्हणजे पायऱ्या मी बांधल्या, हे मी मागे घेतेय?"

"फक्त हिच्या वहीतून," आप्पा म्हणाले.

"कागदाला वही कळत नाही. उद्या वाटणीला बसलो की तू हाच कागद माझ्या नाकासमोर धरशील. 'अक्का, तूच लिहून दिलंस ना, तुझी माहिती मागे घेतलीस म्हणून?'"

"मी धरीन? मी?"

"नाहीतर हा धरील." तिने वकिलाकडे हनुवटी केली.

वकिलाला तेच सुचलं होतं, पण जरा नंतर, सगळ्यांच्या सह्या झाल्यावर. तो दुखावला. "अक्का, मी तुझा सख्खा भाऊ आहे."

"म्हणूनच."

"मग तू आधी कर सही," आप्पा वकिलाला म्हणाले. "कलम तुझं."

"मी का? थोरले तुम्ही."

"सात फूट माझे. मला सगळ्यात जास्त सोडायचंय. पाच फूटवाल्याने आधी सोडावं."

"तीन फूटवालीने आधी," वकील म्हणाला. आणि दहा मिनिटांपूर्वी जे दोघे बहिणीविरुद्ध एक होते ते, आणि जी बहीण भावजयीविरुद्ध दोघांशी एक होती ती, असे तिघं तीन दिशांना तोंड करून बसले. या घरातल्या युत्यांचं असंच आहे. चहा गार व्हायच्या आत मोडतात आणि पुन्हा गरम करायला ठेवला की जुळतात.

शेवटी वकिलानेच तोड काढली. तिघांनी एकाच वेळी सही करायची. तीन कागद, तीन पेनं, तिघं बाथटबभोवती, एकमेकांच्या हाताकडे बघत. मोजायचं धाकट्या भावाने. त्याचा कशातच हिस्सा नव्हता, म्हणून तो निःपक्षपाती.

"एक," धाकटा म्हणाला. "दोन." त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "तीन."

तीन पेनं कागदांपासून बोटभर वर अधांतरी राहिली. तीन भावंडं सहा डोळ्यांनी एकमेकांची मनगटं पाहत होती. पंखा फिरत होता. आप्पांचं पेन किंचित खाली आलं; बाकीच्या दोघांनी श्वास रोखला; आप्पांनी कागदाच्या कोपऱ्यात एक छोटीशी रेघ मारली.

"पेन चालतंय का बघत होतो," ते म्हणाले.

"पुन्हा मोजू?" धाकट्याने विचारलं.

"तू गप्प बस," तिघं एकदम म्हणाले. दुपारभरात एकमत झालं ते एवढंच.

———

थोरली तेवढ्यात वरून चहा घेऊन आली. आप्पांची बायको. बत्तीस वर्षं ती या घरात चहा आणते आहे आणि चहा येण्याच्या वेळेला बोलणं कसं थांबतं यावरून कोणाबद्दल चाललं होतं ते ती ओळखते. प्रबंधाची एक सुटी प्रत गेले आठ दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होती. सगळ्यांनी त्यात आपापलं बोलणं शोधलं, वाचलं, आणि मिटून ठेवली. थोरलीला कोणी काही विचारलंच नव्हतं. तिचं बोलणं त्यात कुठेच नव्हतं. म्हणून तिने प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तळटिपांसकट.

"झाल्या सह्या?" तिने विचारलं.

"विचार चाललाय," आप्पा म्हणाले.

"चालू दे." तिने कप वाटले. धाकटीला देताना ती थांबली. "तुला एक विचारू का गं? पान एकाहत्तर."

धाकटीने कप घेतला नाही.

"तक्ता आहे तिथे," थोरली सगळ्यांना सांगू लागली, हवापाण्याच्या सुरात. "प्रत्येक दुकान खाली किती पुढे आलंय, वरच्या मजल्यावर किती. चष्मेवाला खाली तीन फूट, वर काही नाही. आपलं खाली सात फूट दोन इंच. आणि वरच्या मजल्यापुढे लिहिलंय, 'प्रवेश मिळाला नाही.'" तिने कप अजून पुढे धरलेलाच होता. "तुला तुझ्या घरात प्रवेश मिळाला नाही?"

वकील हसला. आधी नाकातून, मग खोक्यावरून घसरेपर्यंत. वर, दुकानाच्या याच पुढे आलेल्या भागाच्या डोक्यावर, गॅलरी होती. ती काचा लावून बंद केली होती, आणि बंद करताना पुढे ओढली होती. तिथे टेबल होतं, दिवा होता, पुस्तकांची फळी होती. फूटपाथ कसा गिळला गेला याची एकशे चाळीस पानं धाकटीने त्या फूटपाथवरच्या हवेत लोंबकळत लिहिली होती.

"म्हणजे आमची वीट ते अतिक्रमण," अक्का सावकाश म्हणाली, एकेक शब्द तोलून, "आणि तुझी वीट ती प्रवेश मिळाला नाही."

"इंचपट्टीला स्वतःचे इंच दिसत नाहीत," वकील म्हणाला, या वेळी तोंडावर.

आप्पा प्रसन्न दिसत होते. घरात आणखी एक चोर निघाला की जुन्या चोराला कसं हलकं वाटतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तीन वर्षं धाकटीने या माणसांना मोजलं होतं. नुसतं पट्टीने नाही. कोण किती फुगवून सांगतो, कोण कुठे आखडता हात घेतो, तिला सगळं पाठ होतं, आणि ते सगळं आपल्याला दिसतं याचं तिला मनातून कौतुकही होतं. त्या तक्त्यातला तो रकाना भरताना मात्र तिने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि 'प्रवेश मिळाला नाही' असं सुबक अक्षरात लिहिलं. मार्गदर्शक बाईंनी कच्च्या प्रतीत तक्त्याखाली 'उत्तम क्षेत्रकार्य' असा शेरा दिला होता. तो तिने चार वेळा वाचला होता.

"ती गॅलरी मी बांधली," धाकटा म्हणाला.

सगळ्यांनी मान वळवली. धाकटा बोलला की आधी कोण बोललं ते शोधावं लागतं.

"तिला बसायला जागा नव्हती. स्वयंपाकघरात तुम्ही हसायचात. म्हणून मी बांधली. तिला काही बोलू नका."

नवरा बायकोच्या बाजूने उभा राहिला, असा हा क्षण. बाहेरून तसाच दिसला. पण आत बसलेल्यांना तो शब्द ऐकू आला जो या घरात कधीच नुसता शब्द नसतो.

"बांधली?" आप्पांनी विचारलं. "तू? म्हणजे वीट तुझी?"

"हो."

"म्हणजे तूही वाटणीत?"

धाकट्याने हे आजवर मनात आणलं नव्हतं. आता आणलं. ते त्याच्या चेहऱ्यावर उतरताना सगळ्यांनी पाहिलं, बायकोनेही.

"नियमाने," तो म्हणाला, "गॅलरी माझी होते."

"किती फूट?" तिघांनी विचारलं.

"मोजली नाही कधी," तो म्हणाला, आणि मग, घराचाच तो, म्हणाला, "पाचेक असेल."

———

धाकटी उठली. प्रती तिने बाथटबमध्ये ठेवल्या. तिथे पाणी नव्हतं. पिशवीतून मोजपट्टी काढली आणि शटरखालून बाहेर फूटपाथवर गेली. तिथे उभी राहून वर पाहिलं. एका माणसाला हे मोजता येत नाही. दुसरं टोक धरायला कोणीतरी वर लागतं. तिने आत वाकून पाहिलं. नवरा भावांना गॅलरीचे खांब किती लांब आहेत ते समजावत होता.

थोरली न विचारता जिन्याने वर गेली. काच सरकली आणि तिचा हात बाहेर आला.

"टोक वर दे," ती म्हणाली. "भिंतीपासून ना? जुन्या की नव्या?"

"जुन्या. फरशीचा रंग बदलतो तिथून."

"कळलं. वाचलंय मी ते." थोरलीने टोक दाबून धरलं. "तुझ्या वहीत मी नाही."

"नाही, ताई."

"मी काही बांधलं नाही म्हणून?"

धाकटीने खालून वर पाहिलं. "मी विचारलंच नाही."

"तेच," थोरली म्हणाली. "किती झालं?"

"दोन फूट नऊ इंच."

खाली परत येऊन धाकटीने तीनही प्रतींत पान एकाहत्तर काढलं. छापलेल्या अक्षरांवर काळ्या शाईने रेघ मारली, वर आकडा लिहिला, बाजूला सही केली. उत्तम क्षेत्रकार्याचा शेरा मिळवलेल्या तक्त्यात ती खाडाखोड गावठी दिसत होती. बाई विचारतील. मार्क जातील, कदाचित तोंडी परीक्षेत आणखी काही जाईल. मग तिने एक कोरा संमतीपत्राचा कागद घेतला. माहिती देणारी व्यक्ती: धाकटी सून. माहिती: गॅलरी, दोन फूट नऊ इंच, माझ्या अभ्यासासाठी. तिने सही केली आणि कागद मागे जोडला.

"आम्ही मागे घ्यायचं म्हणतोय आणि ही पुढे देतेय," अक्का म्हणाली.

"दोन फूट नऊ?" धाकटा म्हणाला. "नीट मोजलंस ना? पट्टी सैल असेल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "ताईंनी धरली होती."

मग ती आप्पांकडे वळली. पावणेचार झाले होते. "मी आता निघते. विद्यापीठाची बस चारला आहे. अर्ज इथेच आहेत. तिघांच्या सह्या आत्ता झाल्या तर मी जाणार नाही. कलम आठ."

बाथटबच्या काठावर तीन कागद होते. एका कोपऱ्यात छोटी रेघ. सह्या केल्या असत्या तर तिसरं प्रकरण गेलं असतं, तिची तीन वर्षं गेली असती आणि दुकान राहिलं असतं. तिघांनाही हे समजत होतं. मूर्ख कोणीच नव्हतं, तेच तर अवघड होतं. पण दुकान राहिलं तर ते कोणाचं राहील, हा प्रश्न राहत होता, आणि आपलं गेलं तरी चालेल, भावाचं राहायला नको, एवढा स्वच्छ विचार रक्ताच्या नात्यातच करता येतो.

"तू कर," आप्पा म्हणाले.

"तुम्ही," वकील म्हणाला.

अक्काने पेनाचं टोपण लावलं.

धाकटी वाट पाहत उभी राहिली, घड्याळाने पाच मिनिटं. सभ्यतेला तेवढी पुरतात. मग तिने प्रती उचलल्या आणि शटरखालून वाकली.

"अगं, थांब!" आप्पा ओरडले. ती थांबली. त्यांनी घसा खाकरला. "त्यात माझे सातच आहेत ना? या दोघांचं ऐकून कमी नाहीस ना केलेस?"

"तुम्ही सांगितलेत तसे सातच आहेत, आप्पा."

"मग ठीक."

ती उरलेल्या एक फूट दहा इंचांच्या फूटपाथवरून, प्रती छातीशी धरून, आडवी होत बसथांब्याकडे निघाली. चष्मेवाला दारात आला होता. "संपलं का घरगुती?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "जमा करायला चाललेय."

ती थांब्याच्या खांबापाशी पोहोचली तेव्हा मागून शटर पूर्ण वर गेल्याचा खडखडाट झाला, आणि पाठोपाठ आप्पांचा आवाज, तीन वर्षांत न ऐकलेला, चोवीस वर्षांच्या माणसाचा. "मोजणी गुरुवारी आहे ना? मग टब, बेसिनं सगळं आत्ताच एक फूट पुढे घ्या. उद्या पायरी. कापायला आले की तेवढा फूट त्यांच्या तोंडावर टाकू. त्यांना कापल्याचं समाधान, आपलं आहे तिथे."

"अक्का, तू ते टोक धर," वकील म्हणाला.

"तू जोर लाव आधी," अक्का म्हणाली.

फरशीवर जड काहीतरी ओढल्याचा आवाज आला. तीन आवाज एका दमात जोर लावत होते, एका बापाच्या लेकरांसारखे. मग चौथा आला, "इकडून, इकडून घ्या, माझ्या गॅलरीच्या खाली," आणि तो तिच्या फारच ओळखीचा होता.

बस वळणावर दिसली. छातीशी धरलेल्या तीन प्रतींत सगळे आकडे होते, शाईने दुरुस्त केलेल्या आकड्यासह, आणि जमा व्हायच्या आधीच त्यातला एक चुकत चालला होता, इंचाइंचाने, तिच्या पाठीमागे. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मोजावं लागलं असतं.